‘झालं’ म्हणायचा मान

“डोळे काय फाडतेस गं? पीठ डोळ्यांनी बघायचं नसतं. मीट डोळे. एका हाताची बोटं घाल पिठात आणि दुसऱ्या हातानं धर कान.”

आईचा हा आवाज ताईच्या मनात अजून जसाच्या तसा होता. पिठाच्या धुळीनं जरासा घोगरा, धापेनं मधेमधे तुटणारा आणि तरीही गाण्याच्याच वाटेला लागलेला. ताई तेव्हा काथवटीच्या काठाला जेमतेम हनुवटी टेकवण्याएवढी होती. काथवट म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली लांबरुंद लाकडी परात. दोन लेकरं आरामात निजतील एवढी. आई तिच्यावर कंबरेतून वाकायची, खांद्यापासून जोर लावायची आणि पावाचं पीठ मळता मळता स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणायची:

पहिली माझी मूठ, पीठ कोरडं रुसलं
घोटभर पाण्यानं गं, मांडीवर येऊन बसलं

दुसरी माझी मूठ, पीठ हाताला चिकटे
बाजाराच्या वाटेवर गं, लेकरू हट्टाला पेटे

तिसरी माझी मूठ, पीठ झालं गं शहाणं
झाकून ठेवते बाई, निजू दे माझं तान्हं

पीठ शहाणं झालं की नाही, ते ठरायचं कानावर. नीट मळलेलं पीठ कानाच्या पाळीसारखं लागतं. मऊ, पण दाबून सोडलं की पुन्हा जागेवर येणारं. म्हणून आई एका चिमटीत पीठ धरायची आणि दुसऱ्या चिमटीत कान. तोही स्वतःचाच असं नाही, हाताशी सापडेल त्याचा! पीठ होत आलं की घरातली पोरं पळत सुटायची ती त्यामुळेच. ताई आणि तिचा धाकटा भाऊ कित्येकदा एका कानाला पांढरं पीठ लावूनच शाळेत पोचायची. “आज कुणाच्या कानाचा पाव?” म्हणून पोरं चिडवायची. धाकट्याचा कान जास्त गुबगुबीत, त्यामुळे पकडला जायचा तोच.

मग आई एकच शब्द म्हणायची. “झालं.”

तो शब्द त्या घरात दुसऱ्या कुणी उच्चारायचा नव्हता. बाबा भट्टी पेटवून, लांब दांड्याचं फावडं हातात घेऊन ताटकळत उभे असायचे. पण ‘झालं’ आल्याशिवाय पीठ जागचं हलायचं नाही. कच्चं मळलेलं पीठ भट्टीत जाणं म्हणजे आईच्या लेखी नाक कापलं जाणं. जास्त मळलं जाण्याची भीती मात्र तिला ठाऊकच नव्हती. हातानं मळलेलं पीठ कधी जास्त होत नाही, त्याआधी माणूसच दमतं. त्यामुळे शंका आली की “अजून थोडं”, हे त्या घराचं ठरलेलं उत्तर.

शेवटच्या दुखण्यात आईनं वाटणी केली ती एका वाक्यात. “भट्टी धाकट्याची. काथवट थोरलीची, आणि ‘झालं’ म्हणायचा मानही तिचाच.” ताईनं लग्नबिग्न केलं नाही. काथवटीशीच संसार मांडला आणि तो गोडीनं केला.

आता त्या काथवटीत रिकामी पोती रचली होती. आणि तिच्या जागेवर, भिंतीला पाठ लावून, पैलवान उभा होता.

पैलवान हे नाव धाकट्यानं ठेवलेलं. पीठ मळायचं विजेचं यंत्र. भलंमोठं स्टीलचं भांडं, त्यात वरून शिरलेला वेटोळा आकडा आणि कडेला तीन बटणं, एक हळूचं, एक जोरातलं, एक बंद करायचं लाल. सुरू झाला की खिडकीची तावदानं थरथरायची, फळीवरचे डबे पुढे सरकायचे आणि दोन पावलांवरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. यंत्र विकणाऱ्यानं ते वापरून बघायला दिलं होतं. पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर आठवड्यानं येऊन घेऊन जातो, असं बोलणं.

आज तो आठवडा संपत होता, आणि पैलवान आल्यापासून दुकानातल्या पावांनी जी मान टाकली होती ती वर काढली नव्हती.

“हे पाव आहेत की चपलांचे तळ?” सकाळी सकाळी चष्मेवाल्या आजींनी काउंटरवर पाव आपटून विचारलं होतं. “आपटला तर आवाज येतो बघ. माझे उरलेसुरले दात आहेत ते तरी राहू देत.”

“आजी, जरा यंत्र नवं आहे,” धाकटा कसंनुसं हसत म्हणाला.

“यंत्र नवं असेल रे, पण माझं पोट जुनं आहे. ताई कुठंय तुझी? ती असताना असं कसं होतं?”

ताई आतल्या दारामागेच होती. हातात चाळणी, चाळणीत मैदा आणि मैद्याकडे लक्ष नाही. ‘ती असताना असं कसं होतं’ हे वाक्य तिच्या कानात टाचणीसारखं शिरलं.

कारण असं कसं होतं, हे या घरात फक्त तिला ठाऊक होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी झोपेतून उठल्यावर, मग चहाचा कप धरताना, मग केव्हाही. ताई हात झटकायची, कोमट पाण्यात बुडवून बसायची, “वयच झालं” म्हणायची. मग एक दिवस मुंग्या गेल्या, आणि जाताना बोटं घेऊन गेल्या. बोटं जागेवर होती, वाकत होती, काम करत होती; पण त्यांना काही लागत नव्हतं. मखमल असो की खडबडीत पोतं, सगळं सारखंच. शर्टाचं बटण लावायचं तर मान खाली घालून बघत लावावं लागायचं. तिनं कुणालाही सांगितलं नाही.

गंमत अशी की हातानं मळत होती तोवर पावाला काही झालं नाही. पीठ तयार होत आलं की उलट जोर लावतं. तो जोर कोपराला कळतो, खांद्याला कळतो, पाठीच्या मणक्यालाही कळतो. बोटं मुकी झाली तरी बाकीचं अंग तिला येऊन सांगत होतं. ती उगाच चिमटीत पीठ धरायची, उगाच कान धरायची, आणि कोपरानं सांगितलेलं तोंडानं म्हणायची, “झालं.” कुणाला संशय आला नाही.

पण मनगटं दुखायला लागली, सुजायला लागली, आणि ते मात्र धाकट्याला दिसलं. ती दुपारी पायरीवर बसून मनगटाला तेल चोळत होती. चार दिवसांनी गाडीतून पैलवान उतरवून घेताना स्वतःच तो हमालासारखा वाकला होता, आणि घामाघूम होऊन लहान पोरासारखा हसत म्हणाला होता, “ताई, आता तू फक्त राणीसारखी उभी राहायचंस. कुस्ती हा करेल. तू नुसतं ‘झालं’ म्हणायचं!”

नुसतं ‘झालं’ म्हणायचं! आणि ‘झालं’ सांगणारे कोपर, खांदा, पाठ, सगळे त्या यंत्रानं घरी बसवले होते. उरली होती ती फक्त बोटं. तिनं भांड्यात हात घालावा, पीठ चिमटीत धरावं, आणि आत काहीच नसावं. ढगाला चिमटा काढावा तसं. मग भीतीनं जिभेवर यायचं ते आईचं जुनं उत्तर. “अजून थोडं.”

माणूस दमतं. पैलवान थोडाच दमतोय! तो “अजून थोडं” ऐकायचा आणि घरघरत राहायचा.

“पाण्यातच काहीतरी घोळ आहे,” धाकटा आत येऊन म्हणाला. आजींचा राग त्याच्या तोंडावरून अजून उतरला नव्हता. सकाळचा एक पाव त्यानं मधोमध फाडला. आत जाळी नव्हती, नुसता चिकट लगदा, कडेला बसलेला. “पाणी जास्त पडतंय. पीठ बघितलंस सकाळी? थुलथुलीत, चकचकीत, हाताला ओघळतंय. पाणी कोण घालतं?”

त्याची बायको मोठ्या टेबलाशी केकचं मिश्रण करत होती. तिच्याकडे हातात धरायचा छोटा मिक्सर होता. तो पैलवानाच्या कितीतरी आधीपासून या घरात होता आणि त्याच्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. तिनं तो बंद केला आणि कंबरेवर हात ठेवला.

“पाणी मी घालते. मापानं घालते. ज्या मापानं वन्संना हातानं मळायला द्यायची त्याच मापानं. तेव्हा पाव फुगत होते ना? की तेव्हा माझं पाणी गोड होतं?”

“मग यीस्ट जुनं असेल.”

“यीस्ट परवाच आणलंत तुम्ही. स्वतः. ‘ताजं आहे, बघ कसला वास येतोय’ म्हणून माझ्या नाकाला लावलंत.”

“मग पिठात काहीतरी…”

“काल पीठ बदललं. परवा मीठ बदललं. आता माणसं बदलायची राहिलीत तेवढी!” ती म्हणाली आणि तिनं पुन्हा मिक्सर सुरू केला, असा की मिश्रणाचा एक थेंब उडून धाकट्याच्या भुवईवर बसला.

ताई चाळणी हलवत राहिली. बोलावं असं तिला आतून वाटत होतं. पण बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं? बोटं गेली म्हणायचं. मग ‘झालं’ गेलं. मग या घरात ती कोण? पीठ चाळणारी बाई. तेही गाठी राहिल्यात का ते डोळ्यांनी बघून.

भावजयीनं मिक्सर थांबवला. मैद्याचे पांढरे पट्टे नुकते कुठे मिश्रणात मुरले होते. ताईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “अजून थोडं फिरव की.”

“नको, वन्सं. पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. केकला जास्त फिरवलं की तो चामड्यासारखा होतो.” मग क्षणभर थांबून, भांड्याच्या कडा चमच्यानं निपटत ती हळूच म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत ना मला हे?”

तिनं शिकवलं होतं खरं. ताईनं मान वळवली. या भावजयीचं एक वाईट होतं. ती वेळेवर गप्प बसायची. कालच भट्टीतून काढलेला पत्र्याचा ट्रे ताईनं फडकं न घेताच उचलला होता. टेबलापर्यंत आणला, ठेवला, आणि मग भावजयीच्या चेहऱ्याकडे बघून तिच्या लक्षात आलं. बोटांच्या टोकांना पांढरे फोड. भावजयीनं एक अक्षर न काढता तिचा हात नळाखाली धरला होता. पाणी बराच वेळ वाहत होतं. “दुखतंय?” तिनं विचारलं, आणि ताई म्हणाली होती, “हो तर! फार.” आणि भावजय तिच्याकडे नुसती बघत राहिली होती.

यंत्रवाला दुपारी आला. बारीक चणीचा, खिशाला चार पेनं आणि एक पाना लावलेला, येतानाच घाबरलेला. धाकट्यानं फोनवर त्याला बरंच ऐकवलं असावं.

“शेठ, यंत्र एकदम ओके आहे,” पैलवानाचं झाकण उघडून, आत दिवा मारून, पट्टा ओढून बघून तो म्हणाला. “आवाज बघा, किती साफ.”

“आवाज खातो का मी? पाव बघ!” धाकट्यानं त्याच्या हातात सकाळचा पाव दिला. यंत्रवाल्यानं तो दाबला, वास घेतला, आणि मग सकाळच्या पिठाचा एक गोळा बाजूला राहिला होता तो बोटानं ओढून बघितला. गोळा ताणला गेला नाही. ओल्या कागदासारखा फाटला आणि त्याच्या बोटांना चिकटून बसला.

“शेठ, रागावू नका. पण हे जास्त मळलं गेलंय. यंत्रात पीठ तापतं. वेळेवर थांबलं नाही की त्याचा दम मोडतो. मग कितीही भाजा, उठत नाही. किती मिनिटं फिरवता?”

“मिनिटं?” धाकट्याला तो शब्द जणू शिवीसारखा लागला. “आमच्याकडे मिनिटं नाही लावत. आमच्याकडे ताई आहे. ताई ‘झालं’ म्हणते तेव्हा थांबवतो.”

यंत्रवाल्यानं ताईकडे बघितलं. भावजयीनंही बघितलं. ताईनं ॲप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.

“मग ताई जरा लवकर…” यंत्रवाला चाचरत म्हणाला.

“ए, थांब!” धाकट्याचा आवाज चढला. “तुझ्या यंत्रात खोट आहे ते बोल. माझ्या ताईची बोटं कधी चुकली नाहीत. लहानपणापासून बघतोय मी. आख्खा रस्ता बघतोय. पाणी चुकेल, ही चुकेल, मी चुकेन, तू तर चुकशीलच चुकशील. ताईची बोटं नाही चुकायची!”

इतक्या प्रेमानं कुणी कुणाला खड्ड्यात ढकललं नसेल. ताईला वाटलं, याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी. आणि मग वाटलं, याला पोटाशी धरावं. आणि या दोन्हींतलं काहीच न करता ती भिंतीवरच्या पिठाच्या डागाकडे बघत राहिली. चीड तिला यंत्राची येत होती, यंत्रवाल्याची येत होती, या विश्वास टाकणाऱ्या खुळ्या भावाची येत होती. आणि सगळ्यांत जास्त, ॲप्रनच्या खिशात लपून बसलेल्या स्वतःच्या दहा मुक्या कारट्यांची.

“म्हणजे मी चुकेन,” भावजय शांतपणे म्हणाली. तो शांतपणा चांगला नव्हता. “बरोबर. सगळ्यांच्या आधी मी.”

“अगं, मी आपलं उदाहरण म्हणून…”

“उदाहरण आठवडाभर चाललंय. ऐका. आता हे आलेत, तर यांच्यासमोर एक घाणा लावा. पाणी तुम्ही घाला. मीठ, यीस्ट, सगळं तुम्ही घाला. मी हात लावणार नाही. आणि तरी बिघडलं तर माझी माफी मागा. नाही मागितलीत तर उद्यापासून मी पिठाच्या खोलीत पाय ठेवणार नाही. बसेन पुढे काउंटरवर, आजींच्या शिव्या खात. त्या निदान तोंडावर तरी देतात.”

“आणि तरी बिघडलं,” धाकटा यंत्रवाल्याकडे वळला, “तर हे धूड आजच्या आज उचलायचं. ताई पुन्हा हातानं मळेल. काय ताई?”

ताईची मनगटं या नुसत्या वाक्यानंच ठणकली. पुन्हा हातानं! काल तिला पाण्याची बादली उचलवली नव्हती.

“लाव घाणा,” ती म्हणाली.

मैदा पडला. पाणी पडलं, धाकट्यानं माप डोळ्यांसमोर धरून, यंत्रवाल्याला दाखवून, भावजयीला दाखवून ओतलं. यीस्ट, मीठ. पैलवानानं आधी हळू, मग जोरात फिरायला सुरुवात केली. तावदानं थरथरली. कोरडं पीठ भांड्याच्या कडांना आपटलं, मग भिजलं, मग आकड्याला लटकून हट्टी पोरासारखं गोल गोल ओढलं जाऊ लागलं. ताईच्या ओठांवर आपोआप आलं, दुसरी माझी मूठ. पण यंत्राच्या घरघरीत तिला स्वतःचंच गाणं ऐकू येईना. आईच्या वेळी तीन कडवी पीठ मळण्याएवढी लांब होती, पुन्हा पुन्हा म्हटली की बरोबर पुरायची. पैलवान तिसऱ्या कडव्याशी केव्हा पोचायचा हे कुणाला माहीत?

भांड्याच्या कडा साफ झाल्या. गोळा एकजीव दिसायला लागला, गुळगुळीत, आकड्याला धरून. भावजय हाताची घडी घालून बघत होती. तिनं एकदा गोळ्याकडे बघितलं, एकदा ताईकडे. तिचे डोळे म्हणत होते, म्हणा ना. यंत्रवालाही तेच बघत होता, पण तोंडातून शब्द काढायची त्याची हिंमत नव्हती. आणि काढला असता तरी काय? तो शब्द त्याचा नव्हता.

“ताई?” धाकटा ओरडला. पैलवानापुढे ओरडावंच लागत होतं.

त्यानं यंत्र हळूवर आणलं. ताईनं बाजूनं हात घातला, चिमटीत पीठ तोडून घेतलं. डोळे मिटले. दुसऱ्या हातानं स्वतःचा कान धरला.

कानाला बोटं कळत होती. गार, खरखरीत, फोड आलेली बोटं. बोटांना कान कळत नव्हता. आणि दुसऱ्या हातात तर पीठ होतं की हवा होती, तेही डोळे उघडून बघावं लागणार होतं.

“अजून?” धाकट्यानं विचारलं.

त्यानं तिच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘अजून’ असा लावला आणि पुन्हा जोरातलं बटण दाबलं. पैलवान गरजला. भावजयीनं झटक्यात मान फिरवली आणि ॲप्रनची गाठ सोडायला सुरुवात केली.

“बघा हं, अजून म्हणतेय ती! म्हणजे यंत्रच कमी पडतंय!” धाकटा यंत्रवाल्याच्या कानाशी ओरडला. मग त्याचं ताईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं असावं, कारण तो एकदम मवाळ झाला. दोन पावलं जवळ आला, मान वाकडी केली, केस मागे सारले आणि लहानपणी कधी स्वखुशीनं दिला नव्हता तो कान आज त्यानं स्वतःहून पुढे केला. “तुझ्या कानाचा घोळ होतोय. घे, माझा धर! याच्यावर आईचा भरवसा होता!”

त्याचा कान अजून गुबगुबीत होता. पाळीवर एक पांढरा केस उगवलेला. ताईनं चिमटीत धरला. तिनं धरला आहे हे तिला दिसत होतं. या कानामागे ती किती वेळा धावली होती, आईसाठी याला पकडून आणायला! तो ओरडायचा, लाथा झाडायचा, आणि त्याची ती पाळी तिच्या बोटांत कशी ऊबदार, कशी लुसलुशीत लागायची. ती आठवण बोटांत नव्हती, दुसरीकडेच कुठेतरी होती. बोटं नुसती त्या कानावर ठेवलेली होती, खुंटीवर टोपी ठेवावी तशी.

“कसं लागतंय?” तो ओरडला.

“लागत नाहीये,” ती म्हणाली.

“काय?”

“काही लागत नाहीये रे.”

“ऐकू नाही येत! अजून लागेल म्हणतेस? किती लागेल?”

भांड्यात पीठ चमकायला लागलं होतं. कडांना पुन्हा चिकटायला लागलं होतं. पलीकडे भावजयीनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला होता आणि ती दाराकडे निघाली होती. यंत्रवाला त्याचा पाना पिशवीत भरत होता. आता धूड उचलायला माणसं कुठून आणायची, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं दिसत होतं. आणि हा धाकटा, कान पुढे करून, ओणवा होऊन, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा भरवसा घेऊन उभा.

ताईचं डोकं फिरलं. आठवडाभराचं, थंडी सुरू झाल्यापासूनचं, सगळं एकदम घशात आलं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि पैलवानाच्या वर आवाज चढवला. नेमकं त्याच क्षणी, ताई काय म्हणते ते ऐकू यावं म्हणून, धाकट्यानं लाल बटण दाबलं.

यंत्र गप्प झालं. तावदानं थांबली. आणि त्या शांततेत ताईची किंकाळी पिठाच्या खोलीतून पुढच्या दुकानापर्यंत, दारातल्या भावजयीपर्यंत, काउंटरवर पाव परत करायला आलेल्या चष्मेवाल्या आजींपर्यंत स्वच्छ ऐकू गेली:

“मला कळत नाही रे, झालं की नाही! बोटं मेलीत माझी! थंडीपासून मेलीत! तुझा कान धरलाय, तो आहे की नाही तेसुद्धा मला कळत नाही!”

धाकटा तसाच ओणवा होता, कान तिच्या चिमटीत. तिनं तो सोडला नाही. दारातून भावजय परत फिरली.

ताईनं दुसऱ्या हातातला पिठाचा गोळा तिच्यापुढे धरला.

“तू बघ गं,” ती म्हणाली, आता अगदी हळू. “तुला केव्हाचं कळत होतं. तू म्हण.”